तात्पुरत्या मुक्कामाचे वर्ष

आपल्या घरातील एखादी मुलगी किंवा सून लग्नानंतर कॅनडात पतीकडे निघाली असेल, तर तिच्या सामानात लोणच्याची बरणी आणि मेतकूट भरण्यापूर्वी हा लेख तिला जरूर वाचून दाखवा. आरोग्याच्या पाक्षिकात व्हिसाच्या कागदपत्रांची कथा कशासाठी, असा प्रश्न आपणांस पडेल. त्या एका वर्षात माझे शरीर आणि माझे कागद एकमेकांत इतके गुंतले होते, की एकाची हकिकत दुसऱ्यावाचून सांगताच येणार नाही.

आमचे लग्न मे २०२२ मध्ये साताऱ्यात झाले. माझे पती बऱ्याच वर्षांपासून टोरांटोजवळच्या मिसिसागा शहरात राहतात. ते कॅनडाचे नागरिक आहेत. मी ९ सप्टेंबर २०२२ रोजी पर्यटक व्हिसावर टोरांटोला उतरले. पत्नीने तिकडे जाऊन पतीसोबत राहावे आणि तेथूनच स्थायी निवासाचा अर्ज करावा, असा एक मार्ग कायद्यात आहे. पुढे कायमचे राहण्याची इच्छा मनात असूनही आज तात्पुरते म्हणून जाण्यास त्या देशाचा कायदा मनाई करीत नाही. मात्र मिळालेली मुदत पाळण्याची तयारी हवी. विमानतळावरील अधिकाऱ्याने विचारले तेव्हा मी सारे खरे सांगितले. त्याने मान डोलावली आणि मला पुढे सोडले. पासपोर्टवर कोणतीही तारीख लिहिली नाही.

आमच्या गोंधळाचे मूळ या न लिहिलेल्या तारखेत होते. पासपोर्टमध्ये चिकटवलेल्या व्हिसावर जुलै २०२३ अशी तारीख होती आणि तोवर राहता येते, असे मी समजून चालले होते. व्हिसावरील तारीख ही देशात प्रवेश करण्याची शेवटची तारीख असते. आत किती दिवस राहायचे ते प्रवेशाच्या वेळी ठरते, आणि अधिकाऱ्याने काही लिहिले नसेल तर पर्यटकाला प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने मिळतात. म्हणजे माझी मुदत ९ मार्च २०२३ रोजी संपत होती. स्थायी निवासाचा अर्ज आम्ही नोव्हेंबरमध्ये दाखल केला आणि निर्धास्त झालो. तो अर्ज प्रलंबित आहे एवढ्याने पर्यटकाची मुदत आपोआप वाढत नाही, हे आम्हांला जानेवारीत समजले. तेही यजमानांच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने सहज विचारले म्हणून.

मुदतवाढीचा अर्ज वेगळा असतो. तो मंजूर झाला की ‘व्हिजिटर रेकॉर्ड’ नावाचा कागद मिळतो आणि त्यावर नवी अंतिम तारीख असते. मुदत संपण्याच्या निदान तीस दिवस आधी अर्ज करावा, अशी खात्याची सूचना आहे. आम्ही ३ फेब्रुवारीला शंभर डॉलर भरून ऑनलाइन अर्ज केला. मुदतीच्या आत अर्ज पोचलेला असला, की निर्णय लागेपर्यंत पूर्वीचाच दर्जा चालू आहे असे मानले जाते. अट एवढीच, की त्या काळात देश सोडायचा नाही. मुदत चुकलीच, तर नव्वद दिवसांच्या आत दर्जा पुन्हा मिळवण्यासाठी अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईलच याची शाश्वती नसते.

९ मार्चची रात्र मला आठवते. कायद्याने माझे सर्व काही ठीक होते आणि ते दाखवायला हातात अर्जाच्या पावतीखेरीज काही नव्हते. बाहेर बर्फ साचले होते. यजमान झोपले होते आणि मी स्वयंपाकघरात बसून तीच पावती चौथ्यांदा वाचीत होते. साताऱ्यात माझ्या नावाने रेशनकार्ड होते, मतदार यादीत नाव होते, शाळेच्या हजेरीपटावर शिक्षिका म्हणून मी सही करीत होते. येथे मी कोण, याचे उत्तर एका ई-मेलमध्ये यायचे होते.

ते उत्तर येईपर्यंतच्या महिन्यांत माझी प्रकृती बिघडत गेली. भारतात दिवस उजाडलेला असतो तेव्हा टोरांटोत रात्र असते; आईचा निरोप आला असेल म्हणून मी रात्री दोन वाजता फोन उचलायची, आणि हात आपोआप खात्याच्या ई-मेलकडे वळायचा. पुन्हा झोप लागत नसे. सकाळी उठल्यावर अंग जड, केस गळू लागलेले, पोट साफ नाही, अकारण रडू येई. थंडी सर्वांना वाजत होती, पण मला घरातही दोन स्वेटर लागत. डिसेंबरात तेथे जेमतेम नऊ तास उजेड असतो आणि पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा ‘हिवाळ्याचे आहे’ असे सगळे म्हणाले. एप्रिलमध्ये लख्ख ऊन पडू लागले तेव्हा ‘व्हिसाचे टेन्शन आहे’ असे म्हणू लागले. मलाही ते पटले होते.

वाचकहो, येथे थोडे थांबते, कारण हाच भाग या पाक्षिकाच्या कामाचा आहे.

मला तीस वर्षांची असल्यापासून थायरॉइडची कमतरता आहे आणि रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यावी लागते. कॅनडात जाताना स्वतःच्या वापराची औषधे नेता येतात. ती उपचाराच्या एका क्रमाएवढी किंवा नव्वद दिवसांची, यांपैकी जे कमी असेल तेवढीच, आणि मूळ वेष्टनात असावीत असा नियम आहे. माझ्या गोळ्या डिसेंबरात संपल्या. पर्यटकाला तेथील सरकारी आरोग्यविमा मिळत नाही. आम्ही खासगी पर्यटक-विमा घेतला होता, पण आधीपासून असलेल्या आजाराविषयीच्या अटी पुष्कळ पॉलिसींत बारीक अक्षरांत असतात. माझ्या पॉलिसीत थायरॉइडचा खर्च बसत नव्हता. मी जवळच्या दवाखान्यात पैसे भरून चिठ्ठी लिहून घेतली. डॉक्टर रक्ततपासणी करू म्हणाले, तर मी नको म्हटले. तपासणीचे पैसे वाचवले याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता.

याच सुमारास कोणीतरी सुचवले म्हणून मी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची गोळी सुरू केली होती. विसरायला नको म्हणून ती सकाळच्या थायरॉइडच्या गोळीबरोबरच घेत असे. एप्रिलच्या शेवटी यजमानांनी हट्टाने मला पुन्हा दवाखान्यात नेले. डॉक्टरबाईंनी माझी सारी कर्मकहाणी ऐकून घेतली. व्हिसाविषयी एक शब्दही न बोलता त्यांनी विचारले, “सकाळी कोणकोणत्या गोळ्या घेता, आणि किती अंतराने?” कॅल्शियम आणि लोह यांच्या गोळ्या थायरॉइडचे औषध शरीरात शोषले जाऊ देत नाहीत; दोहोंत निदान चार तासांचे अंतर हवे. रक्त तपासले तेव्हा टीएसएच अकराच्या वर निघाले. ते साधारण चारच्या आत असावे लागते. मी पाच महिने रोज नियमाने औषध घेत होते आणि ते अंगी लागत नव्हते.

कॅल्शियमची गोळी रात्री घेऊ लागले आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा आकडा बराच खाली आला होता. केस गळणे थांबायला अधिक वेळ लागला. काळजी खरी होती, हे मी नाकारीत नाही. पण माझ्या थकव्यातला मोठा वाटा त्या दोन गोळ्यांच्या संगतीचा होता, आणि काळजीचे नाव पुढे करून मी आणि माझ्या भोवतीच्या मायेच्या माणसांनी त्याकडे पाहिलेच नाही. परदेशी असलेली आपली मुलगी ‘थकवा येतो’ म्हणाली, तर तिला धीर द्याच, पण रक्त तपासून घ्यायलाही सांगा. महाग पडते, तरी सांगा.

औषधांविषयी बोलते आहे तर वैद्यकीय तपासणीचेही सांगून टाकते, कारण तिची भीती मी विनाकारण बाळगली. स्थायी निवासासाठी खात्याने नेमलेल्या डॉक्टरांकडेच तपासणी करावी लागते: शारीरिक तपासणी, रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे. माझी जानेवारीत झाली. तिचा निकाल बारा महिने ग्राह्य धरतात. थायरॉइडचे सांगितले तर अर्ज फेटाळतील, असे एका नातेवाईक बाईंनी मला सांगितले होते, आणि प्रश्नावलीत ते लपवावे असे दोन दिवस माझ्या मनात होते. मी लपवले नाही. आजाराच्या उपचाराचा खर्च सरकारवर फार पडेल, या कारणाने अर्ज नाकारण्याची तरतूद कॅनडाच्या कायद्यात आहे. पण प्रायोजित पती-पत्नींना ती लागू नाही. सक्रिय क्षयरोगासारख्या आजाराची गोष्ट निराळी. तेथे आधी उपचार पूर्ण करावे लागतात. माझी गोळी कोणाच्या खिजगणतीतही नव्हती.

११ मे रोजी व्हिजिटर रेकॉर्ड आले. आम्ही एक वर्ष मागितले होते. कागदावर २० जुलै २०२३ अशी तारीख होती. यजमान चिडले. मी पासपोर्ट काढून पाहिला. त्याची मुदत २० जुलैलाच संपत होती, आणि पासपोर्टच्या मुदतीपलीकडे राहण्याची परवानगी मिळत नाही. आधी पासपोर्ट नवा करून मग मुदतवाढ मागितली असती, तर दोन महिन्यांवर भागवावे लागले नसते. चूक सर्वस्वी आमची होती. जूनमध्ये नवा पासपोर्ट हाती आला, पुन्हा शंभर डॉलर भरले, पुन्हा पावती मिळाली, आणि २० जुलैनंतर मी पुन्हा त्याच पावतीवर राहू लागले. कामाचा खुला परवानाही मागता आला असता. माझ्यासारख्या अर्जदारांना तशी सोय आहे. ‘आता काही महिन्यांचाच प्रश्न’ असे म्हणत आम्ही तो मागितला नाही. दिवसभर रिकामे बसणे मला किती जड जाईल, याचा अंदाज तेव्हा आला नाही.

त्या उन्हाळ्यात मी स्वतःला थोडे शिस्तीत बांधले. यात बाबांचा हात होता. बाबा एस.टी.तून निवृत्त झाले. वेळापत्रक हा त्यांचा धर्म. मी फोनवर रडले तेव्हा ते म्हणाले, “अगं, तारीख वहीत लिहिली की डोक्यातून उतरते. तू सगळ्या तारखा डोक्यात ठेवून झोपतेस.” मी वही केली. प्रवेशाची, अर्जांची, मुदतींची, पासपोर्टची, विम्याची, तपासणीची, सर्व तारखा एका पानावर लिहिल्या. ई-मेल सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला पाहायचा. रात्री फोन बैठकीच्या खोलीत ठेवायचा. सकाळी पोर्ट क्रेडिटला सरोवराच्या काठाने तासभर चालायचे. सहा महिन्यांपर्यंतचा अभ्यासक्रम पर्यटकाला वेगळ्या परवान्याशिवाय करता येतो, म्हणून मी फ्रेंचच्या वर्गाला नाव घातले. फ्रेंच फारशी आली नाही, पण आठवड्यातून दोन दिवस कोणीतरी माझी वाट पाहत असे.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आईशी व्हिडिओवर बोलत असताना मागची भिंत मला अनोळखी वाटली. आमच्या घराच्या भिंती पिवळसर आहेत. ही हिरवट होती. मी विचारले, तर आई म्हणाली, “मामाकडे आलेय.” मामाच्या घरात सलाईन लावायचा लोखंडी स्टँड नसतो. मी धाकट्या भावाला फोन केला. तो आधी बोलेना, मग रडूच लागला. बाबांना पाच दिवसांपूर्वी छातीत कळ आली होती, तीन ठिकाणी अडथळे निघाले होते, त्यांना पुण्याला हलवले होते आणि गुरुवारी बायपास ठरली होती. “ताई, तुला सांगायचं नाही असं बाबांनीच बजावलंय,” तो म्हणाला. “तू निघून येशील म्हणाले.”

मी निघून येऊ शकत होते; मला कोणी अडवले नव्हते. पण देश सोडताच माझा चालू मानलेला दर्जा संपला असता. व्हिसा जुलैतच संपला होता, त्यामुळे परतण्यासाठी भारतातून नवा व्हिसा मागावा लागला असता, तो किती दिवसांत मिळेल आणि मिळेल की नाही, हे ठाऊक नव्हते. हातातले व्हिजिटर रेकॉर्ड असो वा त्याची पावती, परत प्रवेश करण्यासाठी दोन्हींचा उपयोग नाही. आणि मी केलेला अर्ज ‘कॅनडात पतीसोबत राहणारी पत्नी’ या वर्गातला होता. मी परतू शकले नसते, तर तो कोसळला असता आणि सारे पहिल्यापासून करावे लागले असते.

यजमान म्हणाले, “तू जा. अर्ज पुन्हा करू. वर्ष जाईल, जाऊ दे.” ते मनापासून म्हणत होते, आणि त्यामुळे निर्णय अधिकच माझ्यावर आला. मी तिकीट पाहिले. बुधवारी रात्रीचे विमान शुक्रवारी पोचणार होते. म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी मी आकाशातच असणार होते. त्या दिवशी बाबांनी स्वतः फोन मागून घेतला. आवाज खोल गेला होता. “मी इथं आहे, डॉक्टर आहेत, तुझा भाऊ आहे. तू आलीस तर मी बरा होतानाही तुझ्या कागदांची काळजी करत पडेन. ये म्हणजे नीट ये. परत जाता येईल अशी ये.”

मी गेले नाही. बरोबर केले, असे मी आपणांस सांगणार नाही. बुधवारी टोरांटोच्या वेळेनुसार रात्री साडेदहा वाजता, म्हणजे पुण्यात गुरुवारी सकाळी आठला, त्यांना आत नेले. मी आणि यजमान स्वयंपाकघरात बसून राहिलो. पहाटे चारच्या सुमारास भावाचा निरोप आला, की ते शुद्धीवर यायला वेळ आहे पण सर्व व्यवस्थित झाले. मी डाळ-तांदूळ धुऊन खिचडी लावली. कोणालाच भूक नव्हती, तरी आम्ही दोघांनी ती खाल्ली.

नंतरचे दिवस मी फोनवरून जे करता येईल ते केले. श्वासाच्या व्यायामासाठी दिलेल्या तीन चेंडूंच्या उपकरणात बाबा किती चेंडू उचलतात, हे रोज विचारायची. खोकताना छातीवर उशी दाबून धरतात का, चालायला उठतात का, बेडशीटखाली पाय सुजलेले नाहीत ना, हे भावाला दाखवायला सांगायची. दूर असलेल्या मुलीने किती विचारावे याला मर्यादा असते, आई एकदा वैतागून म्हणाली, “अगं, नर्स परवडली.”

१८ सप्टेंबरला सकाळी दहाच्या फेरीत ई-मेल आला. शेवटच्या टप्प्यात खाते आधी विचारते, की आपण या क्षणी प्रत्यक्ष कॅनडात आहात का. ‘होय’ असे उत्तर देताना माझे बोट काही वेळ तसेच थांबले, कारण तीन आठवड्यांपूर्वी निघून गेले असते, तर येथे ‘नाही’ लिहावे लागले असते. पुढे छायाचित्र पाठवले, आणि ४ ऑक्टोबरला स्थायी निवासाचे इलेक्ट्रॉनिक प्रमाणपत्र आले. कार्ड मागाहून टपालाने येते आणि त्याला काही आठवडे लागतात. कार्डाशिवाय विमानाने परतायचे तर परदेशातून एक वेगळा प्रवास-दस्तऐवज मागावा लागतो. यजमान म्हणाले, कार्डाची वाट पाहू या का? मी तोवर तिकीट काढले होते.

१५ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, मी साताऱ्याला पोचले. बाबा अंगणात खुर्चीवर बसले होते. सदरा सैल झाला होता, छातीवरची खूण गळ्याशी दिसत होती. त्यांनी उठायचा प्रयत्न केला, मी बसा म्हटले, ते ऐकेनात. आई देवघरात घट मांडत होती. तिला हाक मारायचे कोणाला सुचलेच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा रक्तदाब मोजायला म्हणून मी त्यांची वही काढली. निवृत्तीनंतर ते रोज दोन वेळा आकडे लिहून ठेवतात: वरचा, खालचा, नाडी, आणि शेरा असा रकाना. शेऱ्यात बहुधा ‘मीठ जास्त’, ‘झोप कमी’ असे असते. ९ मार्चच्या ओळीत ‘पोरीची मुदत’ असे लिहिले होते. २० जुलैलाही तसेच. पुढची काही पाने रुग्णालयामुळे कोरी होती, आणि ४ ऑक्टोबरच्या ओळीत आकडेच नव्हते. त्या दिवशी मोजायचे राहून गेले, असे त्यांनी सांगितले. मी पट्टा त्यांच्या दंडाला बांधला आणि त्यांना थोडा वेळ बोलू नका म्हटले.